गिरज्याच्या दरजा

जुन्या इमारतीत पारवे आणि जुन्या कमिटीत किस्से, दोन्ही कुणी मुद्दाम पाळत नाही आणि दोन्ही हाकलून जात नाहीत. आमच्या गिरज्याच्या कमिटीचा मी सेक्रेटरी आहे. कधीपासून, ते विचारू नका. एका मीटिंगला मी उशिरा पोचलो, तोवर मला करून टाकलं होतं. तेव्हापासून मी सगळीकडं वेळेवर जातो, पण आता काय उपयोग.

गावाचं नाव सांगत नाही. नाव छापलं की लोक फोन करतात आणि मला आता फोनचा कंटाळा आलाय. मुखेडकडून देवणीकडं येताना नांदेड जिल्हा संपतो आणि लातूर सुरू होतो, त्याच्या आसपास कुठंतरी समजा. निझामाच्या काळात मिशनच्या लोकांनी बांधलेलं चर्च. पोरं चर्च म्हणतात, गाव गिरजा म्हणतं. काळा दगड, चुन्यातलं काम, टोकदार कमानी, वर छप्पर पेलणाऱ्या सागवानी कैच्या आणि त्यावर कवेलू, पुढं घंटेचा मनोरा. फोटोत लई देखणं दिसतं. पावसाळ्यात आत बसून बघा म्हणजे कळेल. छत्री उघडून उपासनेला बसणारी मंडळी तुम्ही दुसरीकडं पाहिली नसेल.

मिळकती बघणारं आमचं वरचं बोर्ड लांब शहरात आहे. त्यांचं म्हणणं साधं होतं. पाडा आणि हॉल बांधा, खाली दुकानं, वर प्रार्थना. मंडळीतल्या तरुण पोरांनाही तेच पाहिजे होतं. खरं सांगू का, एखाद्या थकलेल्या दिवशी मलाही तेच बरं वाटायचं. एकच माणूस मध्ये उभा होता, आमचे अध्यक्ष शांतवनमामा. साऱ्या गावाचे मामा. थोडी शेती, दोन देवणी गायी, ऐंशीच्या पुढचं वय आणि छातीत पेसमेकर.

आमच्यात माणूस गेला की पेटी आधी चर्चात आणतात, तिथं शेवटची उपासना होते, मग कब्रस्तान. मामांची मागणी तेवढीच होती. "माझा बाप्तिस्मा हितं झाला, लगीन हितं झालं. आता मला न्यायचं बी ह्याच दारातून. मी गेल्यावर तुमी हॉल बांधा न्हाईतर थेटर काढा, मी बघायला येणार न्हाई."

म्हणजे सगळा मामला इतकाच. मामा जाईपर्यंत गिरजा उभा राहिला पाहिजे आणि तोपर्यंत मामा. दोघांचीही तब्येत नाजूक होती.

* * *

भूकंपानंतर आमच्या भागात दगडावर कुणाचा भरोसा राहिला नाही. त्यात हसण्यासारखं काहीच नाही. ज्यांनी ती पहाट पाहिली ते आजही जाड भिंतीला पाठ लावून झोपत नाहीत. त्यामुळं हॉलचा विषय मीटिंगला आला की भूकंप यायचाच, आणि तो आला की कुणाला उलट बोलता यायचं नाही.

त्या दिवशी मंडळीतला एक ठेकेदार उठला. हॉलचं काम त्यालाच मिळायचं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी तो मोठ्या काळजीनं म्हणाला, "मामा, एवढाले दगड हायेत. उद्या जमीन हलली तर लेकराबाळांच्या डोक्यात पडतील."

मामा म्हणाले, "आन् स्लॅब काय कापसाचा असतोय का?"

"स्लॅबमधी लोखंड असतंय, मामा."

"मग लोखंड पडंल."

अर्धा तास हेच चाललं. आमचे पाळकसाहेब, म्हणजे पास्टर, मध्ये पडले. ते देगलूरच्या पलीकडचे, घरात तेलुगू बोलणारे. एरवी त्यांचं मराठी ठीक असतं, पण राग आला की पुरं तेलुगू होतं. त्यांनी टेबलावर हात आपटला, डोळे मिटले आणि तेलुगूत लांबलचक काहीतरी सुनावलं. आम्हाला वाटलं समारोपाची प्रार्थना झाली. सगळे एका सुरात 'आमेन' म्हणाले आणि घरी गेले.

काय बोलले होते ते मी नंतर विचारलं. ते म्हणाले, "सर, जाऊ द्या. तुम्ही आमेन म्हणून बसलात आता."

* * *

मग कुणीतरी मामांच्या कानावर घातलं की जुनी इमारत सरकारनं ताब्यात घेतली की बोर्डालाही हात लावता येत नाही. मामा दुसऱ्या दिवशी माझ्या दारात. "सर, अर्ज करा. तुमचं मराठी शुद्ध हाय."

हेच तर चुकलं. मी शाळेत मराठी शिकवतो, त्यामुळं अर्जही शाळेतल्या मराठीत लिहिला. 'आपल्या परिसरातील शंभराहून अधिक वर्षांच्या दुर्मिळ व देखण्या ठेव्याचे संवर्धन होणेबाबत.' इमारत हा शब्द विषयात आलाच नाही. तो दुसऱ्या पानावर होता, आणि सरकारी अर्जाचं दुसरं पान कोण वाचतो?

आता आमचा हा पट्टा देवणी गायीचा. इथं संवर्धन म्हटलं की एकच अर्थ, गायीबैलांची जात राखायची. अर्ज कुठल्या टेबलावरून कुठं सरकला देव जाणे. पंधरवड्यानं एक मोटरसायकल आली. मागं औषधाची पेटी बांधलेली, पायात गमबूट. तरुण डॉक्टर, जनावरांचा.

"कुठं हाय?" त्यानं विचारलं.

"हे काय, समोर." मी गिरज्याकडं हात केला. मला वाटलं, इंजिनियर आला.

तो गिरज्याला वळसा घालून मागं जाऊन आला. "न्हाई दिसलं. बांधलेलं न्हाई का?"

"बांधलेलं आहे की. चांगलं चुन्यात बांधलंय."

"चुन्यात?"

"आणि गुळात."

तो सबुरीनं म्हणाला, "काका, वय किती म्हणलात?"

"शंभरच्या वर."

"आजवर कुणी तपासलं न्हाई?"

"मिशनचे साहेब गेले तेव्हापासून कुणीच नाही."

तेवढ्यात मामा गाय घेऊन आले आणि उलगडा झाला. मी पार शरमलो. पोरगा मात्र भला होता, पोट धरून हसला. आलोच आहे तर म्हणून मामांच्या दोन्ही गायींना टोचून गेला. पैसेही घेतले नाहीत. मामा गायीच्या पाठीवर थाप मारत म्हणाले, "चला. कशाचं का असंना, संवर्धन सुरू झालं."

* * *

दुसरा अर्ज मात्र बरोबर पोचला. लातूरहून सोनवणे मॅडम आल्या. जुन्या इमारतींच्या आर्किटेक्ट. उन्हाची टोपी, पायात बूट, बोलणं कमी. पहिल्या दिवशी त्यांनी भिंतीला कान लावून बोटानं ठोकून ठोकून बघितलं. मामा शेजारी उभे. "मला बी डॉक्टर असंच करतो," म्हणाले. तेव्हापासून दोघांचं जमलं ते जमलं.

मॅडमनी समजावलं होतं की इमारतींना दर्जा देतात. दर्जा मिळाला की संरक्षण, संरक्षण मिळालं की दुरुस्ती. आणि एक दिवस त्यांचा फोन आला. मी वर्गावर होतो, म्हणून तो पाळकसाहेबांनी घेतला. निरोप असा होता, 'बुधवारी दर्जा बघायला वरून माणसं येणार आहेत, तयारी ठेवा.'

आमच्याकडं दगडादगडांच्या मधल्या सांध्याला दरज म्हणतात. गवंडी सांधे लिंपतो त्याला दरजा भरणं म्हणतात. पाळकसाहेबांच्या तेलुगू कानाला दर्जा काय आणि दरजा काय, सारखंच. ते तडक गफूरभाईंकडं गेले. गफूरभाई आमचे पिढीजात गवंडी. "गफूरभाई, बुधवारी वरचे लोक येऊन राहिलेत. दरजा बघणार म्हणे. तयारी ठेवा."

गफूरभाईंनी गावची इज्जत पणाला लागल्यासारखी तयारी ठेवली. चार माणसं लावली, परांची बांधली आणि पुढची सगळी भिंत, मनोऱ्यासकट, सिमेंटनं भरून काढली. नुसती भरली नाही. सिमेंट वाळल्यावर वरून पांढऱ्या ऑइलपेंटनं रेघा ओढल्या, पट्टी लावून, सरळ. लांबून बघितलं तर गिरज्याला कुणी चौकटीचा शर्ट घातलाय असं वाटायचं.

मी बघितलं तेव्हा रंग ओला होता. मी घरी जाऊन झोपलो.

बुधवारी मॅडम आल्या, सोबत दोन साहेब. मॅडम पायऱ्यांसमोर उभ्या राहिल्या, मग पायऱ्यांवर बसल्या. जुन्या चुन्याच्या भिंतीला सिमेंट म्हणजे घाम कोंडणं, हे त्यांनी आम्हाला तीनदा सांगितलं होतं. दगड आतून ओला राहतो, पापुद्रे सुटतात, मग भिंत फुगते. हे सगळं माहीत असलेला मी शाळेत होतो, आणि माहीत नसलेले सगळे कामावर.

"आता ह्याला दर्जा कसा मिळणार?" त्या अगदी हळू म्हणाल्या.

गफूरभाई पुढं झाले. "अजून कुठं पायजे, मॅडम? मी एक बी सोडली न्हाई. तरी बगा, कुठं राहिली असंल तर आत्ता भरून देतो."

दोन्ही साहेब पाठ करून मनोऱ्याकडं बघायला लागले. त्यांचे खांदे हलत होते. मॅडम काही हसल्या नाहीत. मीही नाही.

* * *

सिमेंट निघालं तरच दर्जाचं पुढं बघू, असं साहेब सांगून गेले. ते काढायला पावसाळ्यापासून संक्रांतीपर्यंत लागलं. बारीक छिन्नी, बारीक हातोडी, मशीन लावायचं नाही. गफूरभाईंनी स्वतः काढलं. "भरताना जेवढी खुशी झाली ना सर, तेवढंच काढताना रडू येऊन राहिलं," म्हणायचे. सारा दिवस टिकटिक टिकटिक. रविवारच्या उपासनेत तेवढी शांतता असायची, आणि तीही मला खोटी वाटायची.

मोकळ्या झालेल्या दरजा आता चुन्यानंच भरायच्या होत्या. मॅडमनी सांगितलं, चुना भिजवून ठेवायचा, घाणीत, म्हणजे बैलानं फिरवायच्या दगडी चाकाखाली मळायचा, त्यात गूळ, बेलफळ, हिरडा आणि उडदाची डाळ. हे सामान ठेवायला कोरडी जागा म्हणून मामांचं घर ठरलं. मामी, म्हणजे मामांच्या मंडळी, दारात उभ्या राहून एकेक पोतं आत जाताना बघत होत्या.

"गूळ कशाला?"

"भिंतीला, मामी."

"उडीद?"

"तेही भिंतीलाच."

"आन् हिरडा?" मामींनी पोत्यात हात घालून बघितलं. आमच्याकडं हिरडा पोट साफ व्हायला घेतात. "भिंतीला साफ होईना का?"

मग म्हणाल्या, "माझ्या लग्नात एवढा गूळ आला नव्हता. ह्यांच्या बापानं काकवीवर भागवलं."

त्या आठवड्यात गावभर मुंग्या झाल्या. गिरज्याच्या भिंतीवर खालपासून वरपर्यंत रांग. पाळकसाहेब म्हणाले, एवढी हजेरी ख्रिसमसलाही नसते.

* * *

त्यात मामांना लातूरला दवाखान्यात न्यावं लागलं. दम लागला होता, पाय सुजले होते. मी सोबत होतो. त्या आठवड्यात अवकाळी पाऊस झोडपत होता आणि छपराचं काम अजून मंजूर व्हायचं होतं. मामांचं सगळं ध्यान तिकडं.

राउंडला नवा डॉक्टर आला. "बाबा, काय त्रास होतोय?"

मामा डोळे मिटूनच म्हणाले, "गळतंय."

डॉक्टर गंभीर झाला. सिस्टरला पडदा ओढायला सांगितलं. "कधीपासून गळतंय?"

"दरसाली. पाऊस लागला की सुरू."

"पावसाळ्यात जास्त?"

"पावसाळ्यातच. उन्हाळ्यात टिपूस न्हाई."

"कुठून येतं नेमकं?"

"पूर्वेकडच्या कैचीपासून. तितनं मग खाली बाकड्यावर."

डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं. मी सांगायला तोंड उघडलं, पण मलाच हसू फुटलं आणि मग रडू आलं. दोन रात्री झोप नव्हती, दुसरं काय. पडद्यामागं आम्ही तिघं, त्यातला एक रडून राहिलेला मास्तर. मामांनी एक डोळा उघडला. "ह्यांना बी तपासा," म्हणाले.

घरी सोडताना डॉक्टरनं मला बाजूला घेतलं आणि सांगितलं ते सांगितलं. परतताना जीपमध्ये मामांनी विचारलं, "काय म्हणला?" मी म्हणालो, जपायला सांगितलंय. मामा म्हणाले, "मग लवकर करा, सर. मी थांबायला तयार हाय, पण ते माझ्या एकट्याच्या हातात न्हाई."

* * *

आणि एकदाची नोटीस लागली. गिरज्याच्या मोठ्या दाराला, डिंकानं चिकटवलेली. 'सदर वास्तू संरक्षित स्मारक म्हणून घोषित करण्याचे योजिले आहे. कुणाची हरकत असल्यास कळवावे.' मी ती वाचली आणि पायरीवर बसून राहिलो.

घोटाळा झाला तो स्मारक ह्या शब्दाचा. सरकारच्या भाषेत जुनी इमारत म्हणजे स्मारक. आमच्या भाषेत स्मारक मेलेल्या माणसाचं असतं. मोठा माणूस गेला की स्मारक बांधतात. संध्याकाळपर्यंत बाजाराला आलेल्या लोकांनी वाचलं, एस.टी.तून बातमी तिन्ही दिशांना गेली. गिरज्याच्या दाराला स्मारकाची नोटीस लागलीय. कुणाचं स्मारक? आजारी कोण होतं?

रात्र पडायच्या आत कंधारहून मामांच्या चुलतसाडूचा फोन. माणूस फोनवरच रडत होता. "मामा गेले म्हणं? आमाला कामून कळवलं न्हाई?"

फोन मामांनीच घेतला होता. ते म्हणाले, "हाव, गेलतो. शेताकडं गेलतो. आत्ताच आलो."

मग साडू म्हणाला, "मग स्मारक कुणाचं?"

"सरकारला घाई झालीय," मामा म्हणाले.

हरकती घ्यायच्या मुदतीत एकच हरकत आली. ती मंडळीतल्या एका म्हातारीची होती. 'आमचे देऊळ जिवंत आहे, त्यास स्मारक म्हणू नये.' मॅडमनी ती जपून ठेवलीय म्हणतात. ठेकेदारानं काहीच लिहिलं नाही. तो आता मुखेडला दुसऱ्या कुणाचा तरी हॉल बांधून राहिलाय.

* * *

संरक्षण मिळालं. आता कुणी पाडणार नाही. बोर्डाला हात लावता येईना, ठेकेदाराला येईना. आणि पहिल्याच महिन्यात कळलं की आम्हालाही येत नाही.

छपराचं काम निघालं, आत परांची उभी राहिली. गर्दीत कुणाच्या डोक्यात कवेलू पडायला नको म्हणून काम संपेपर्यंत गिरजा उपासनेला बंद. कुलूप लागलं, फाटकावर पाटी आली. 'दुरुस्ती पूर्ण होईपर्यंत आत कोणताही कार्यक्रम करू नये. पाहण्याची वेळ दहा ते पाच.' सोबत वॉचमन आला, केरबा. लोह्याकडचा, पन्नाशीचा, आधी नांदेडला एका मॉलच्या दारात उभा राहिलेला. नेमानं वागणारा माणूस. दुपारची भाकरी मामींकडं खायचा, पण फाटकाचं विचारलं की म्हणायचा, "मामी, भाकरी येगळी, ड्यूटी येगळी."

उपासना बाहेर कडुलिंबाखाली सुरू झाली. ख्रिसमसचा तारा दरवर्षी मनोऱ्यावर लागतो. केरबा म्हणाला, खिळा ठोकायचा नाही, दोरी बांधायची नाही, दगडाला काही टेकवायचं नाही. मग तारा लिंबावर चढवला. लिंब गिरज्याच्या पश्चिमेला. पाळकसाहेबांनी खाली उभं राहून वर बघितलं आणि म्हणाले, "पूर्वेचा तारा पहिल्यांदा पश्चिमेला निघालाय. ताऱ्यामागं येणारे मागी लोक चुकले तर ह्यांची जबाबदारी."

मामा खुर्चीवर बसून होते, अंगावर घोंगडी. ते काही हसले नाहीत. बंद दाराकडं बघत होते. मग मला जवळ बोलावून म्हणाले, "सर, आपण वाचवला ना ह्याला?"

"वाचवला, मामा."

"मग आपण भाईर कामून?"

मी त्यांच्या खांद्यावरून घसरलेली घोंगडी वर ओढली.

* * *

छपराचं काम झालं. परांची निघाली, कवेलू बसले. एक अवकाळी सर येऊन गेली आणि आत थेंब पडला नाही, केरबानं स्वतः येऊन मामांना सांगितलं. फक्त वरची माणसं येऊन काम बघून जायची होती. ती आली की पाटी निघणार, आणि आज येऊन राहिलीत, उद्या येऊन राहिलीत असं चाललं होतं. त्यातच मामा गेले. सकाळी, अंगणात, खुर्चीवर बसल्या बसल्या. मामी चहा घेऊन आल्या तेव्हा गेलेले होते.

मी फोनला बसलो. साहेब दौऱ्यावर. खालच्या साहेबांचं म्हणणं, कार्यक्रमाला लेखी परवानगी लागते, तोंडी देता येत नाही. मॅडमना लावला. त्या म्हणाल्या, मी स्वतः जाते ऑफिसला. पण लातूरहून त्या जाणार कधी आणि कागद निघणार कधी. ऊन तापत होतं. माणूस किती वेळ ठेवायचा?

कुणीतरी म्हणालं, लिंबाखालीच करू उपासना. मामी म्हणाल्या, "उचला. आन् गिरज्याकडं चला."

आम्ही पेटी घेऊन फाटकापाशी आलो. मागं सारं गाव. फाटकात केरबा, डोळे लाल. तो माझ्याशी बोलत होता, पेटीकडं बघत नव्हता. "सर, ह्या माणसाच्या घरचं खाल्लंय मी. मला कळत न्हाई का? पण कार्यक्रम करू द्यायचा न्हाई म्हणून लिहून दिलंय. मी रोजंदारीवरचा माणूस. उद्या मला काढून टाकतील."

मला त्याचा राग येईना. कुणाचाच येईना. इतकी वर्षं धावून फाटकापर्यंत आणलं मामांना, बस्स.

मामी पुढं झाल्या. पदर सावरला. "केरबा, किती वाजले?"

"साडेबारा झाले, मामी."

"ही येळ पाहायची हाय का?"

"हाव. पाहायची हाय."

"मग उघड. हे पाहायला आलेत."

केरबा पाटीकडं बघत राहिला. आम्ही खांद्यावर पेटी घेऊन उभे. मग त्यानं किल्ली काढली, फाटक उघडलं, पुढं जाऊन मोठं दार उघडलं. एक फळी उघडली असती तरी पेटी गेली असती, त्यानं दोन्ही उघडल्या.

आत आलो आणि सगळेच गप्प. गीत म्हणायचं नाही, प्रार्थना म्हणायची नाही, नाहीतर कार्यक्रम होईल आणि केरबाची नोकरी जाईल. पाळकसाहेबांनी पुस्तक बगलेत धरलेलं. एवढी माणसं आणि नुसता चपलांचा आवाज.

मॅडमनी केरबाला गिरज्याची माहिती पाठ करून दिली होती. पाहायला कुणी आलं की तो पुढं चालत ती म्हणायचा. त्याला दुसरं काही सुचलं नसावं. तो पेटीच्या पुढं झाला, घसा साफ केला आणि सुरू केलं.

"सदर चर्च काळ्या पाषाणात बांधलेलं असून, दरजा चुन्याच्या हायेत. पाहुण्यांनी सावकाश यावं."

आम्ही सावकाश गेलो.

"हे बाप्तिस्म्याचं कुंड. अखंड दगडातलं हाय." पाहुणे थांबतात तसे आम्ही पेटी घेऊन थांबलो. मामींनी कुंडाच्या काठावर हात ठेवला. केरबानं घाई केली नाही.

"ही वेदी. कठडा सागवानी, मूळचा." तिथंही थांबलो. लग्नात नवरानवरी गुडघे टेकतात ती जागा. मामी तिथं उभ्या राहिल्या, पेटीच्या डाव्या अंगाला.

"आता वर पाहावं. कैच्या जुन्या, कवेलू नवे." आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं. पेटी धरलेल्यांनी सुद्धा. केरबाचं पाठ केलेलं संपलं होतं, तरी तो म्हणाला, "कुठंच गळत न्हाई, मामा."

मग आम्ही वळलो. केरबा दाराशी बाजूला होऊन उभा राहिला. पाहणारे निघाले की तो रोज जे म्हणायचा, ते त्याच्या तोंडातून निघून गेलं.

"परत या."

त्यानं जीभ चावली, मान खाली घातली. मामी पेटीपाशी आल्या. मामांना अलीकडं कमी ऐकू यायचं, त्यामुळं त्या नेहमी वाकून, जवळ जाऊन बोलायच्या. तशाच वाकल्या आणि झाकणावर हात ठेवला.

"अहो," मामी म्हणाल्या, "येतो म्हणा."